प्रतिबलांचे स्थानिक मापन, धरणांच्या विश्लेषणातील

संरचनेवर भार आला असता तिच्या एखाद्या लहान भागात, विशेषतः कोपरा, खाच, छिद्र, उतारातील बदल किंवा भेग यांच्या लगत, उद्‌भवणारे प्रतिबल (एकक क्षेत्रफळावर कार्य करणारी अंतर्गत प्रेरणा) निश्चित करण्याच्या पद्धतींना प्रतिबलांचे स्थानिक मापन म्हणतात. हे मापन प्रत्यक्ष संरचनेवर उपकरणे बसवून, लहान प्रतिकृतीवर प्रयोग करून किंवा संगणकावर तयार केलेल्या गणितीय प्रतिरूपावरून करता येते. गेल्या सु. साठ वर्षांत तिसरा मार्ग इतका सार्वत्रिक झाला आहे की, संगणकाच्या पडद्यावरील एखाद्या बिंदूचे मूल्य वाचणे यालाही मापनच म्हटले जाते. तसे ते नेहमी असतेच असे नाही. काही बिंदूंपाशी मिळणारा आकडा हा संरचनेचा गुणधर्म नसून आकडेमोडीसाठी घेतलेल्या जाळीचा गुणधर्म असतो. हा भेद ओळखण्यास अभियंत्यांना पुष्कळ काळ लागला आणि त्यातील एक महत्त्वाचा टप्पा महाराष्ट्रातील कोयना धरणाशी निगडित आहे. प्रस्तुत नोंदीत या विषयाचा विचार मुख्यतः भारस्थायी धरणांच्या (केवळ स्वतःच्या वजनाने पाण्याचा रेटा पेलणाऱ्या धरणांच्या) संदर्भात केला आहे.

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे तालुके सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर असून वैतरणा नदी व तिला मिळणारी पिंजाळ यांच्या खोऱ्यांत त्यांचा बराच भाग मोडतो. मुंबई शहराला पाणी पुरविणारे तीन जलाशय याच वैतरणेवर आहेत. मोडकसागर जलाशयाचे धरण १९५७ मध्ये पूर्ण झाले. त्यास मुंबई महानगरपालिकेचे अभियंते ना. वि. मोडक यांचे नाव देण्यात आले. नदीच्या वरच्या अंगास ऊर्ध्व वैतरणा धरण १९७० नंतरच्या दशकात उपयोगात आले. या दोहोंच्या मधल्या टप्प्यात, मोखाडा तालुक्यातील कोचाळे गावाजवळ, मध्य वैतरणा धरण महानगरपालिकेने बांधले. ते २०१४ मध्ये कार्यान्वित झाले. त्याची उंची सु. १०२ मी. आहे, म्हणजे कोयना धरणाच्या उंचीइतकीच. एकाच उंचीच्या या दोन धरणांमध्ये सु. पन्नास वर्षांचे अंतर आहे आणि काँक्रीटच्या आत कोठे किती प्रतिबल आहे हे जाणण्याच्या शास्त्राचा बहुतेक सर्व आधुनिक इतिहास याच अंतरात घडला. आरंभ मात्र त्याहून बराच मागे, मुंबईच्याच पाण्यापासून करावा लागतो.

रँकिन यांचा नियम : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दगडी धरणे अनुभवाने बांधली जात. फ्रेंच अभियंता साझिली यांनी १८५३ मध्ये धरणाच्या दोन्ही बाजूंवरील दाब ठराविक मर्यादेत राहील असा छेद सुचविला. पुढे मुंबई नगरपालिकेचे अभियंता कॅप्टन हेक्टर टलॉक यांच्यापुढे शहरासाठी उंच दगडी धरण बांधण्याचा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी ग्लासगो विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम जॉन मॅक्वार्न रँकिन यांचा सल्ला घेतला. रँकिन यांचे उत्तर १८७२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते धरणशास्त्रातील मूलभूत लेखांपैकी एक ठरले. दगडी बांधकामात कोठेही लक्षणीय ताण येऊ देऊ नये हा त्यांचा मुख्य नियम. त्यासाठी कोणत्याही आडव्या छेदावरील एकूण प्रेरणा त्या छेदाच्या मधल्या तिसऱ्या भागातून गेली पाहिजे. रँकिन यांनी आणखी एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घेतली होती. अधोबाजूचा पृष्ठभाग तिरपा असल्यामुळे तेथील खरा दाब पृष्ठभागाला समांतर दिशेने कार्य करतो आणि आडव्या छेदावरून काढलेल्या उभ्या दाबापेक्षा तो जास्त असतो. म्हणून त्या बाजूसाठी त्यांनी दाबाची मर्यादा कमी ठेवली. छेदाची सरासरी आणि त्यातील एका जागेचे प्रत्यक्ष प्रतिबल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याची ही स्पष्ट जाणीव होती. मुंबईसाठी १८९२ मध्ये पूर्ण झालेले तानसा धरण (तानसा ही वैतरणेचीच उपनदी) या विचारपरंपरेत उभे राहिले.

या पद्धतीत प्रतिबल आडव्या छेदावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेषेत बदलते असे गृहीत धरलेले असते. फ्रान्समधील बूझे धरण २७ एप्रिल १८९५ रोजी फुटले, तेव्हा भेगेत शिरणाऱ्या पाण्याचा उचल-दाब गणितात धरलेला नव्हता असे आढळले. त्याच वर्षी मोरिस लेव्ही यांनी सुधारित अट मांडली : पाण्याच्या बाजूस दगडातील दाब तेथील पाण्याच्या दाबापेक्षा कमी असता कामा नये. सरळ रेषेच्या गृहीतकाला मात्र त्यांनी हात लावला नाही.

ते काम १९०४ मध्ये कार्ल पिअर्सन (संख्याशास्त्रज्ञ म्हणून अधिक प्रसिद्ध) व ॲचर्ली यांनी केले. आडव्या छेदांप्रमाणेच उभ्या छेदांचाही विचार केला, तर धरणाच्या पायथ्याशी ताण येऊ शकतो असा त्यांचा दावा होता. ब्रिटिश अभियंत्यांमध्ये यावरून मोठा वाद झाला. तो मिटविण्यासाठी ऑटली व ब्राइटमोर यांनी मळलेल्या लगद्याच्या आणि विल्सन व गोर यांनी रबराच्या प्रतिकृती तयार करून त्या वाकविल्या व त्यांवरील रेघांचे विस्थापन मोजले. ताणाची खरी जागा धरणाची टाच म्हणजे पाण्याच्या बाजूचा तळ ही होय, असा या प्रयोगांचा कल होता (१९०८).

याच सुमारास ल्यूइस फ्राय रिचर्डसन यांनी दगडी धरणातील प्रतिबलांची अवकल समीकरणे थेट आकडेमोडीने सोडविण्याची पद्धत मांडली. त्यांचा निबंध १९११ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. धरणाच्या छेदावर चौकटींची जाळी टाकून प्रत्येक छेदनबिंदूवरील मूल्य शेजारच्या बिंदूंवरून पुन्हा पुन्हा सुधारीत जाणे हे या पद्धतीचे सार होय. आकडेमोड करणाऱ्या मुलांना दर बिंदूमागे आणि अंकसंख्येच्या प्रमाणात पेनीच्या अठराव्या हिश्शाने मोबदला दिला जाई. चुकलेल्या आकड्यांचे पैसे कापले जात. हवामानाच्या आकडेमोडीय भाकितामुळे रिचर्डसन यांचे नाव पुढे झाले, तथापि संगणकीय संरचना-विश्लेषणाचे पूर्वज म्हणूनही त्यांचा उल्लेख व्हावयास हवा. आजच्या संगणकावरील प्रत्येक धरण-प्रतिरूप म्हणजे त्या मुलांच्या तक्त्याची वाढविलेली आवृत्ती आहे.

प्रतिबलांचे केंद्रीकरण : धरणांचा वाद चालू असतानाच यंत्रे व जहाजे यांच्या अभ्यासातून दुसरा धागा पुढे येत होता. जर्मन अभियंता किर्श यांनी १८९८ मध्ये दाखविले की, ताणलेल्या रुंद पत्र्यात लहान वर्तुळाकार छिद्र असल्यास छिद्राच्या कडेला सरासरीच्या तिप्पट प्रतिबल येते. छिद्र लहान केले तरी हा गुणक कमी होत नाही. चार्ल्स इंग्लिस यांनी १९१३ मध्ये लंबवर्तुळाकार छिद्राचे उत्तर दिले. छिद्राच्या लांबीचा निम्मा भाग भागिले टोकाची वक्रता त्रिज्या, या भागाकाराचे वर्गमूळ घेऊन त्याची दुप्पट करावी व त्यात एक मिळवावा, म्हणजे गुणक मिळतो. छिद्राची अर्धी लांबी १०० मिमी. व टोकाची त्रिज्या १ मिमी. असेल, तर टोकाशी सरासरीच्या एकवीस पट प्रतिबल असते. त्रिज्या शून्याकडे गेली की गुणक अनंताकडे जातो.

येथे एक विसंगती दिसते. अगदी तीक्ष्ण भेगेच्या टोकाशी प्रतिबल अनंत होत असेल, तर भेग असलेला कोणताही पदार्थ अत्यल्प भाराने तुटला पाहिजे. पण तसे होत नाही. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये यातून मार्ग काढला. भेग वाढण्यासाठी एका बिंदूवरील प्रतिबल नव्हे, तर भेग पुढे सरकताना मोकळी होणारी ऊर्जा हे गमक घ्यावे, असे त्यांनी सुचविले. विल्यम्स यांनी १९५२ मध्ये हीच गोष्ट आत वळलेल्या कोणत्याही तीक्ष्ण कोपऱ्याला लागू असल्याचे सिद्ध केले. अशा कोपऱ्यात पदार्थाचा अंतर्गत कोन १८० अंशांपेक्षा जास्त असतो. कोपऱ्याच्या जवळ जावे तसे प्रतिबल वाढत जाते आणि स्थितिस्थापकतेच्या सिद्धांतानुसार त्याला वरची मर्यादा नसते. गणितात अशा बिंदूला विलक्षण बिंदू म्हणता येईल.

प्रत्यक्ष उपकरणांना ही अडचण जाणवत नाही, कारण त्यांना लांबी असते. सिमन्स व रूज यांनी १९३८ च्या सुमारास स्वतंत्रपणे शोधलेला चिकटविता येणारा तारेचा विकृतिमापक आपल्या संपूर्ण लांबीवरील सरासरी विकृती दाखवितो. काँक्रीटवर वापरावयाच्या मापकाची लांबी खडीच्या सर्वांत मोठ्या तुकड्याच्या निदान तिप्पट असावी असा संकेत आहे. तसे नसल्यास मापक काँक्रीटची नव्हे, तर एखाद्या खड्याची विकृती मोजतो. मापनाची लांबी सांगितल्याशिवाय स्थानिक प्रतिबलाला अर्थ नाही, हे तत्त्व अशा रीतीने प्रयोगशाळेत आपोआप पाळले गेले. संगणकाने मात्र बिंदूवरील मूल्य देण्याची सोय करून दिली आणि ते विसरण्याचीही.

सांत घटक पद्धती : सलग पदार्थाचे लहान तुकडे (घटक) कल्पून ते जोडबिंदूंशी एकमेकांना बांधलेले आहेत असे मानणे आणि जोडबिंदूंची विस्थापने ही अज्ञाते धरून समीकरणे सोडविणे, या पद्धतीची गणितीय बीजे कूरांट यांच्या १९४३ मधील निबंधात आढळतात. अभियांत्रिकी रूप तिला टर्नर, क्लफ, मार्टिन व टॉप यांनी १९५६ मध्ये विमानांच्या पंखांच्या संदर्भात दिले. ‘सांत घटक’ हे नाव रे क्लफ यांनी १९६० मध्ये योजले. पद्धतीच्या पहिल्या मोठ्या उपयोगांपैकी एक धरणाचाच होता. अमेरिकेतील आर्‌कॅन्सॉ राज्यातील नॉरफोर्क या भारस्थायी धरणात उभी भेग पडली होती. ती असताना धरणातील प्रतिबले कशी राहतील, याचे विश्लेषण क्लफ व एडवर्ड विल्सन यांनी १९६२ मध्ये सादर केले. पद्धतीचे दुसरे मोठे प्रवर्तक झियेनकीव्हिच यांच्या संशोधनाचा आरंभही धरणांच्या प्रतिबल विश्लेषणानेच झाला होता. यानंतर विल्सन यांची ‘सॅप’, अमेरिकेच्या अवकाश संस्थेने तयार करविलेली ‘नॅस्ट्रन’, ‘ॲन्सिस’ (१९७०) व ‘अबॅकस’ (१९७८) या आज्ञावली-संचांनी ही पद्धत सामान्य अभियंत्याच्या हाती आणून दिली.

कोयना धरण : सातारा जिल्ह्यातील कोयना नदीवरील हे धरण दगडमिश्रित काँक्रीटचे असून त्याची उंची १०३ मी. आहे. पाणी न सांडणाऱ्या सर्वांत उंच खंडाचा छेद तळाशी सु. ७० मी. आणि माथ्याशी १४·८ मी. रुंद आहे. तळापासून सु. ६६·५ मी. उंचीवर अधोबाजूचा उतार एकदम बदलतो. त्याच्या वर धरण सडपातळ होते. या जागेला धरणाची मान म्हणतात. अभिकल्पात भूकंपासाठी गुरुत्वीय प्रवेगाच्या ०·०५ पट इतकी आडवी प्रेरणा सर्व उंचीवर सारखी धरली होती. रूढ पद्धतीने केलेल्या गणितात धरणात कोठेही ताण येत नव्हता. म्हणजे रँकिन यांची अट पूर्ण होत होती.

दि. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर परिसरात सु. ६·५ प्रतीचा भूकंप झाला. त्यात सु. १८० माणसे मृत्युमुखी पडली आणि कोयनानगर वसाहत उद्ध्वस्त झाली. धरणातील प्रवेगलेखकावर धरणाच्या अक्षाच्या दिशेने गुरुत्वीय प्रवेगाच्या ०·६३ पट, नदीप्रवाहाच्या दिशेने ०·४९ पट आणि उभ्या दिशेने ०·३४ पट असे कमाल प्रवेग नोंदले गेले. अभिकल्पात धरलेल्या आकड्याच्या हे दहापट होते. धरण उभे राहिले. तथापि पाणी न सांडणाऱ्या अनेक खंडांवर मानेच्या पातळीत आडव्या भेगा पडल्या. काही पाण्याच्या बाजूस तर काही अधोबाजूस होत्या. भेगा धरणाच्या पूर्ण जाडीतून गेल्या असत्या आणि वरचा भाग सरकला असता, तर हेळवाक, पाटण व पुढे कऱ्हाड या नदीकाठच्या वस्त्यांवर शिवाजीसागराचे पाणी आले असते. म्हणून मानेपाशी नेमके किती प्रतिबल आले होते, हा प्रश्न केवळ शैक्षणिक नव्हता. जलाशय पुन्हा भरावा की नाही, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून होते.

रूडकी विद्यापीठातील भूकंप अभियांत्रिकी विभागाप्रमाणेच कॅलिफोर्निया विद्यापीठात (बर्कली) अनिल चोप्रा व पी. चक्रवर्ती यांनीही कोयनेच्या प्रत्यक्ष नोंदलेल्या प्रवेगलेखावरून धरणाचे सांत घटक पद्धतीने गतिकीय विश्लेषण केले. ते १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या निष्कर्षांनुसार मानेजवळ दोन्ही पृष्ठांवर आलेला ताण तेथील काँक्रीटच्या अंदाजित ताणसामर्थ्याच्या सु. दुपटी-तिपटीपर्यंत गेला होता आणि भेगा याच पातळीत पडणे अपेक्षित होते. सर्व उंचीवर सारखी प्रेरणा धरणारे जुने गणित चुकले होते, कारण हादऱ्यात धरण झाडाच्या शेंड्याप्रमाणे डोलते. माथ्याचा प्रवेग पायथ्याच्या कित्येक पट होतो आणि त्या झोक्याचा सर्व परिणाम सडपातळ मानेवर पडतो.

कोपऱ्यातील आकडा : चोप्रा व चक्रवर्ती यांच्या निष्कर्षाला पुढील सर्व संशोधनाने दुजोरा दिला. तरीही मानेच्या कोपऱ्यातील आकडा पुन्हा पाहण्यासारखा आहे. वर दिलेल्या मापांवरून अधोबाजूचा उतार मानेपाशी सु. ३० अंशांनी बदलतो, म्हणजे काँक्रीटचा अंतर्गत कोन सु. २१० अंश होतो. हा आत वळलेला कोपरा आहे. विल्यम्स यांचे समीकरण या कोनासाठी सोडविल्यास कोपऱ्यापासूनच्या अंतराच्या सु. पाव घातांकाच्या व्यस्त प्रमाणात प्रतिबल वाढते असे मिळते. याचा व्यवहारातील अर्थ असा की, जाळीतील घटकाची बाजू निम्मी केली की कोपऱ्यातील गणित-प्रतिबल सु. १९ टक्क्यांनी वाढते. चार वेळा निम्मी केली तर ते दुप्पट होते. भार तोच, धरण तेच, काँक्रीटही तेच. बदलते ती फक्त जाळी. अशा वेळी जाळी जितकी बारीक तितके उत्तर अचूक, ही विद्यार्थ्यांना शिकविली जाणारी समजूत उपयोगी पडत नाही. या एका बिंदूपुरते कोणतेही अंतिम उत्तर अस्तित्वातच नसते.

मग १९७३ चा निष्कर्ष खरा का ठरला? याचे कारण मानेच्या समोरच्या, म्हणजे पाण्याच्या बाजूच्या पृष्ठात आहे. त्या बाजूस कोपरा नाही. पृष्ठभाग जवळजवळ सरळ आहे. तेथील प्रतिबल जाळी बारीक केल्यावर एका ठराविक मूल्याकडे स्थिरावते आणि ते मूल्यही काँक्रीटच्या ताणसामर्थ्यापेक्षा बरेच अधिक होते. स्थानिक मापनातील हा विवेक सोपा वाटतो, पण विश्लेषणाच्या अहवालांत तो क्वचितच लिहिलेला आढळतो. सामान्यतः संपूर्ण प्रतिरूपातील ‘कमाल मूल्य’ तेवढे लाल रंगात छापले जाते आणि कमाल मूल्य बहुधा अशा कोपऱ्यातच असते.

कोयना धरणाच्या भेगांत इपॉक्सी रेझीन भरण्यात आले, मानेच्या पातळीतून ताणलेल्या तारांचे दोर घालण्यात आले आणि नंतर पाणी न सांडणाऱ्या उंच खंडांना अधोबाजूने काँक्रीटचे टेकू देण्यात आले. टेकूंमुळे मानेची रुंदी वाढली. त्याबरोबर तो कोपराही भरला गेला. भारतीय मानक संस्थेने भूकंपप्रवण विभागांचा नकाशा १९७० मध्ये सुधारला, त्यालाही कोयनेचा भूकंप हे एक प्रमुख कारण होते.

मूल्य वाचण्याच्या रीती : सांत घटक पद्धतीत विस्थापने जोडबिंदूंवर मिळतात, प्रतिबले मात्र प्रत्येक घटकाच्या आतील काही ठराविक बिंदूंवर सर्वांत विश्वसनीय असतात. बार्लो यांनी १९७६ मध्ये या बिंदूंचे महत्त्व दाखविले. जोडबिंदूवर शेजारचे घटक वेगवेगळी मूल्ये देतात. पडद्यावर गुळगुळीत चित्र दिसावे म्हणून आज्ञावली त्यांची सरासरी घेते; हिंटन व कँबेल यांनी १९७४ मध्ये या समतलीकरणाची एक पद्धत दिली होती. सरासरी घेतलेले व न घेतलेले मूल्य यांतील तफावत हे त्या जागी जाळी अपुरी असल्याचे चांगले गमक होय. गुळगुळीत चित्र पाहणाऱ्याला नेमके तेच दिसत नाही. झियेनकीव्हिच व झू यांनी १९८७ मध्ये या तफावतीवरूनच त्रुटीचा अंदाज करण्याची रीत सांगितली आणि १९९२ मध्ये प्रतिबले अधिक अचूकपणे परत मिळविण्याची पद्धत दिली. आजच्या बहुतेक आज्ञावली-संचांत या दोन्हींचा उपयोग केलेला असतो.

विलक्षण बिंदूंपाशी मात्र सरासरी उपयोगी पडत नाही. तेथे तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे प्रत्यक्षातील कोपऱ्याची गोलाई प्रतिरूपात आणणे. दगड-काँक्रीटच्या धरणात ती किती धरावी हे सांगणे कठीण असल्यामुळे हा मार्ग यंत्रभागांना अधिक मानवतो. दुसरा मार्ग म्हणजे बिंदू सोडून छेद वाचणे. मानेच्या आडव्या छेदावरील प्रतिबलांची बेरीज करून एकूण प्रेरणा व परिबल काढावे आणि त्यांवरून सरासरी व नमनजन्य असे दोन भाग वेगळे करावेत. हे भाग जाळीवर फारसे अवलंबून नसतात. रँकिन यांनी १८७२ मध्ये हाताने जे काढले तेच हे. फरक इतकाच की, त्यांचे सरळ रेषेचे गृहीतक येथे निष्कर्ष म्हणून येते. तिसरा मार्ग भेगेच्या ऊर्जेचा. हिलरबॉर्ग व त्यांचे सहकारी यांनी १९७६ मध्ये काँक्रीटमधील भेगेच्या टोकापुढे ताण हळूहळू कमी होत जाणारा पट्टा कल्पिला. बझांट व ओह यांनी १९८३ मध्ये हा पट्टा घटकाच्या रुंदीशी असा जोडला की, जाळी बदलली तरी भेग पडण्यास लागणारी ऊर्जा तीच राहावी. पुढे भट्टाचार्जी व लेजे (१९९३) आणि ली व फेनव्हस (१९९८) यांनी आपली काँक्रीटची प्रतिरूपे तपासण्यासाठी कोयना धरण निवडले. भेग मानेतून निघून आत कशी जाते हे या प्रतिरूपांनी दाखविले. ‘अबॅकस’च्या उदाहरण-पुस्तिकेत कोयना धरणाचे भूकंपीय विश्लेषण नमुना म्हणून दिलेले आहे. त्यामुळे ज्यांनी सह्याद्री पाहिलेला नाही असे जगभरचे अभियंतेही या धरणाच्या मानेशी परिचित असतात.

मध्य वैतरणा धरण व पुढील प्रश्न : मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणा धरण रूळाने दाबलेल्या काँक्रीटचे आहे. हे तंत्र भारतात प्रथम घाटघर येथील जलविद्युत् प्रकल्पाच्या धरणांसाठी वापरले गेले. यात कमी पाण्याचे, कोरडसर काँक्रीट सु. ३० सेंमी. जाडीच्या थरांनी पसरून रूळाने दाबतात. बांधकाम त्यामुळे झपाट्याने होते. मध्य वैतरणेचे सु. १५ लाख घ. मी. काँक्रीट तुलनेने अल्पकाळात घातले गेले. अशा धरणात स्थानिक मापनाच्या जागा बदलतात. टाच व उतारातील बदल या नेहमीच्या जागा राहतातच. पण थराथरांमधील सांधे आणि सिमेंटच्या रासायनिक विक्रियेने निर्माण होणारी उष्णता या नव्या बाबींची भर पडते. आतला भाग उष्ण व पृष्ठभाग थंड असला की पृष्ठभागावर ताण येतो, आणि तो काही मीटर खोलीपर्यंतच असल्यामुळे धरणाच्या संपूर्ण छेदाची सरासरी पाहून कळत नाही. येथे छेद वाचण्याचा दुसरा मार्ग अपुरा ठरतो व तापमानमापक आणि विकृतिमापक काँक्रीटमध्येच पुरावे लागतात. नासिक येथील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था (स्थापना १९५९) व खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत् संशोधन केंद्र (स्थापना १९१६) या संस्थांचा राज्यातील धरणांवरील उपकरणयोजनेशी दीर्घकाळ संबंध आहे.

जव्हार-मोखाड्याच्या वायव्येस डहाणू व तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. बहुतेक धक्के सौम्य होते, तरीही वारली, कोकणा व कातकरी वस्त्यांतील कुडाच्या व विटांच्या घरांतून लोकांना कित्येक रात्री बाहेर काढाव्या लागल्या. कोयनेच्या धक्क्याशी या धक्क्यांची तुलना करता येत नाही. परंतु ज्या प्रदेशात शंभर मीटर उंचीचे धरण उभे आहे आणि पिंजाळ नदीवर जव्हार तालुक्यात आणखी एक प्रस्तावित आहे, तेथे भूकंपाच्या गणितात कोणता प्रवेग धरला व त्याचे परिणाम कोणत्या जागी वाचले, हे नोंदवून ठेवणे आवश्यक ठरते. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या या खोऱ्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरण सुरक्षित आहे की नाही याचा प्रश्न मात्र प्रथम त्यांच्याच दाराशी येतो.

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ नुसार विनिर्दिष्ट धरणांवर उपकरणे बसविणे व त्यांच्या नोंदी ठेवणे मालकावर बंधनकारक आहे, ३० मी. किंवा अधिक उंचीच्या, तसेच भूकंपप्रवण विभाग तीन व त्यावरील धरणांसाठी भूकंपमापन केंद्रही स्थापावे लागते. धरणांच्या सर्वंकष सुरक्षा-मूल्यमापनाची तरतूदही याच अधिनियमात आहे. अशा मूल्यमापनासोबतच्या संगणकीय अहवालात कमाल प्रतिबलाबरोबर तीन गोष्टी दिल्या, तर तो पुढील पिढीला तपासता येतो : मूल्य ज्या जागी वाचले ती जागा, तेथील घटकाची लांबी आणि जाळी निम्मी केल्यावर आलेले मूल्य. कोयनेच्या प्रवेगलेखावरून कोणालाही आज नवे गणित करता येते, कारण १९६७ ची मूळ नोंद जपून ठेवली गेली. [⟶ धरणे व बंधारे, भूकंप, स्थितिस्थापकता].